देवीचा कौल आणि कन्सेंट टर्म्स

"मॅडम, केस मागे घ्या," सुमती म्हणाली. पर्स अजून खांद्यालाच होती.

"बस आधी. पाणी पी."

"नको. देवीने सांगितलं, खोली सोड. मी हो म्हणून आलेय. आता काय बोलायचं नाय."

मी मुलुंडला दिवाणी वकिली करते. दिवाणी म्हणजे जागा, वाटण्या, वारस, भाडेकरू. मारामाऱ्या माझ्याकडे येत नाहीत, येतात ती घरातलीच भांडणं, फक्त स्टँपपेपरवर. अर्धं आयुष्य यात गेलं. केस मागे घ्यायला लोक येतात, नाही असं नाही. कोणाचे पैसे संपतात, कोणाचा धीर. पण समोरच्या पार्टीच्या बाजूने देवी उभी राहिलेली मी पहिल्यांदाच बघत होते.

सुमती मेस्त्री मुलुंडच्या एका पोळी-भाजी केंद्रात काम करते. राहते नाहूरला, एका जुन्या सोसायटीत, वन रूम किचनमध्ये. खोली तिच्या सासऱ्यांची. सासरे गिरणीत होते. त्यांना दोन मुलगे. थोरले वसंतराव नोकरीला लागल्यावर बोरिवलीला गेले, तिथे त्यांनी स्वतःचा फ्लॅट घेतला. धाकटा सदानंद, म्हणजे सुमतीचा नवरा, आईवडिलांजवळ नाहूरला राहिला. म्हातारा-म्हातारीचं दुखणंखुपणं सुमतीनेच काढलं. ते दोघं गेले, आणि मग सदानंदही अचानक हार्ट अटॅकने गेला. मूलबाळ नाही. आता कायदा सरळ आहे. खोलीत अर्धा हिस्सा वसंतरावांचा, अर्धा सदानंदचा, आणि सदानंदचा हिस्सा त्याच्या बायकोचा. लॉच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे येतं.

पण सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघाली. वसंतरावांनी सोसायटीत अर्ज टाकला, खोली माझ्या एकट्याच्या नावावर करा. सोसायटीची नोटीस घेऊन सुमती माझ्याकडे आली होती ती रडत रडत. मी दावा लावला आणि स्टे घेतला. स्टे म्हणजे केस संपेपर्यंत कोणी काही हलवायचं नाही, असा कोर्टाचा हुकूम. केस उत्तम होती. झोपेत चालवली असती तरी जिंकले असते.

आणि ही बया मे महिन्यात गावी जाऊन आली, ती असं बोलायला लागली.

"काय झालं ते नीट सांग," मी म्हटलं. "पहिल्यापासून."

झालं होतं ते असं. वसंतरावांनी गावदेवीच्या देवळात कौल लावला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या कोकणात मोठा निर्णय असला की देवाला विचारतात. मूर्तीवर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या किंवा तांदळाचे दाणे चिकटवतात. पुजारी, म्हणजे गुरव, सगळ्यांसमोर मोठ्याने देवाला प्रश्न घालतो, त्याला गाऱ्हाणं म्हणतात. उजवीकडचं आधी पडलं तर हो, डावीकडचं पडलं तर नाही. पडेपर्यंत सगळे श्वास रोखून उभे. मी स्वतः मालवणकडची. माझं लग्न ठरताना आईने कौल लावला होता आणि तो चांगला खणखणीत डावा पडला होता. तरी मी लग्न केलं. नवरा शाबूत आहे, रात्री घोरतो.

"गाऱ्हाणं काय घातलं? शब्द आठवतात?"

सुमतीला शब्दन् शब्द पाठ होता. "मुंबयची खोली थोरल्याच्या नावार रवली तर कुळाचा भला होतला आसात, तर उजवो कौल दी गे माये. आणि उजवोच पडलो, मॅडम. लगेच. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. मीपण म्हटलं."

"तू कशाला म्हटलंस?"

"सगळ्या गावासमोर उभी होते मी. नाय कसं म्हणू?"

माझं डोकं असं फिरलं की विचारू नका. राग देवीवर नव्हता. देवी बिचारी काय करणार, तिला विचारतील त्याचं उत्तर ती देणार. सुमती कुठे राहील, हे तिला कोणी विचारलंच नव्हतं.

"अगं, कोर्टात या कौलाला काडीची किंमत नाही," मी म्हटलं. "जागेतला हक्क सोडायचा तर रजिस्टर्ड कागद लागतो. देवळात 'व्हय म्हाराजा' म्हटलं म्हणून खोली जात नाही. तू निवांत घरी जा."

"कायद्यात नसेल. गावात आहे ना."

"गावात राहतेस तू? नाहूरला राहतेस! खोली सोडून जाणार कुठे?"

"भावोजी म्हणतात गावच्या घरात ये. पडवीतली खोली देतात."

"आणि खाणार काय? तिथे कोण पोळ्या विकत घेणार आहे तुझ्या?"

पदराने नाक पुसत ती जे बोलली, ते मला इतके दिवस तिने सांगितलं नव्हतं. सदानंदला नोकरी सोडून मसाल्याचं दुकान काढायचं होतं. तेव्हाही कौल लावला होता. डावा पडला, नको म्हणून. तरी त्याने दुकान काढलं, आणि वर्षाच्या आत तो गेला.

"मीच म्हटलं होतं त्यांना, काढा दुकान, काय होत नाय. मीच म्हटलं, मॅडम. देवीचा शब्द मी एकदा मोडायला लावला. आता परत मोडू?"

"सदानंदला शुगर होती. गोळ्या चुकवायचा, असं तूच सांगितलंयस मला."

"ता खरा. पण कौल पण खरो."

वाईट वाटलं, मनापासून वाईट वाटलं. समोरच्या वकिलाशी मी दिवसभर भांडेन, पण नवरा आपल्यामुळे गेला असं मानून बसलेल्या बाईशी काय भांडायचं? तिला एवढंच म्हटलं की आठ दिवस थांब, काही सही करू नकोस. ती हो म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी शहाचा फोन. शहा वसंतरावांचा वकील. घाटकोपरचा, माझ्या बरोबरीचा, एकाच वर्षी सनद घेतलेले आम्ही, त्यामुळे अरे-तुरे.

"काय गं, तुझी पार्टी सेटल करते म्हणे. मी कन्सेंट टर्म्स बनवल्यात. पाठवू?"

कन्सेंट टर्म्स म्हणजे तडजोडीचा कागद. दोन्ही बाजू लिहून देतात की आमचं असं असं ठरलं. जज तो वाचतात, दोघांना विचारतात, आणि सही करतात. तो मग कोर्टाचा हुकूमच होतो. मागे फिरता येत नाही. देवळातल्या होकाराला किंमत नव्हती, पण याला होती, आणि तीही पूर्ण. सुमतीने इथे मान हलवली असती तर माझ्यासकट कोणाच्याही बापाला ती खोली परत आणता आली नसती.

कागद आला. सगळा इंग्रजीत, नेहमीचा. वादी सुमती आपला हक्क सोडते, प्रतिवादी वसंत एकटे मालक, वगैरे वगैरे. मधलं एकच कलम मराठीत होतं. "श्रीदेवीने दिलेल्या कौलास अनुसरून व तिच्या आज्ञेप्रमाणे वादी हा हक्क सोडत आहे."

मी शहाला फोन लावला. "हे काय रे मध्येच?"

"यार, मी नको म्हटलेलं," शहा वैतागून म्हणाला. "क्लायंट अडून बसलाय. म्हणतो, देवीचं नाव नसेल तर गावातले बोलतील वसंताने विधवेची खोली लाटली. तो खरंच मानतो गं, नाटक नाय करत. काढू का? तू म्हणत असशील तर समजावतो त्याला."

मी थोडा विचार केला. "नको. तुझा क्लायंट, तुझा कागद. राहू दे."

खरं सांगायचं तर तेव्हा माझ्या डोक्यात वेगळंच होतं. मला वाटलं, देवीचं नाव कागदावर आलं म्हणजे मला कौलावर बोलायला दार उघडलं. सुमतीकडून कळलेलं, म्हणजे गाऱ्हाणं कोणी सांगितलं, गुरव वसंतरावांच्या नात्यातला कसा, प्रश्न कसा एकतर्फी घातला, हे सगळं मी जजसमोर मांडणार होते. कौलाची रीत मला घरची माहीत. आठवडाभर मी तेच मुद्दे घोटत होते. अडचण एकच, माझीच क्लायंट माझ्या बाजूने नव्हती. क्लायंटने सेटल कर म्हटलं की वकिलाने आडवं पडायचं नसतं. पटलं नाही तर वकीलपत्र सोडायचं, बस्स. वकीलपत्र मी सोडणार नव्हते. सोडलं असतं तर शहाने दुसरा कोणी उभा केला असता आणि दोन मिनिटांत काम तमाम झालं असतं.

तारखेच्या आदल्या दिवशी मी सुमतीला बोलावलं.

"हे बघ, तुला सही करायची तर कर, मी अडवणार नाही. पण एक ऐक. उद्या जजसाहेब काही विचारतील. त्यांच्याकडे बघून उत्तर द्यायचं. माझ्याकडे बघायचं नाही, भावोजींकडे तर अजिबात नाही. एवढं करशील?"

"करीन," ती म्हणाली.

आमचं दिवाणी कोर्ट गोरेगावच्या बाजूला. बाहेरून ऑफिसची बिल्डिंग वाटते. आत मात्र सगळे देव आहेत. क्लार्कच्या टेबलाच्या काचेखाली गणपती, लिफ्टमन येशूचं चित्र खिशात ठेवतो, बार रूममध्ये दरवर्षी सत्यनारायण, आणि प्रसादाच्या रांगेत सगळ्या धर्मांचे वकील पुढे. मीही असते. शिरा झकास असतो. पण कोर्टरूमचं दार उघडून आत गेलं की फक्त फायली. हा फरक मला इतक्या वर्षांत कधी जाणवला नव्हता.

मॅटर पुकारलं. शहा उभा राहिला. "माय लॉर्ड, मॅटर सेटल झालंय. कन्सेंट टर्म्स फाइल करतोय. पार्टीज हजर आहेत."

वसंतराव पांढऱ्या शर्टात, कपाळाला टिळा, मागच्या बाकावर. सुमती माझ्या मागे.

जजसाहेब वाचत होते. शांत माणूस, आवाज कधी चढत नाही. पान उलटलं, परत मागे आले, आणि चष्मा काढला.

"मिस्टर शहा, हे मराठी कलम काय आहे?"

"माय लॉर्ड, ते पार्टीच्या भावनांसाठी. कायद्याच्या दृष्टीने त्याला तसा..."

"अर्थ नसेल तर घातलं कशाला?"

मी संधी साधून उठले. "माय लॉर्ड, हा कौल ज्या पद्धतीने घेतला गेला त्याबद्दल मला सांगायचंय. गाऱ्हाण्याचे शब्द प्रतिवादींनी स्वतः गुरवाला सांगितले होते. रीतीप्रमाणे आधी दोन्ही बाजूंना..."

"मॅडम, बसा."

"माय लॉर्ड, फक्त दोन मिनिटं..."

"मॅडम, शहा जे करतायत तेच तुम्ही करताय. कौल बरोबर लावला की चुकीचा, देवीने काय सांगितलं आणि काय नाही, हे या कोर्टापुढे नाही. येणारही नाही. मी इथे देवीच्या निर्णयावर अपील ऐकायला बसलेलो नाही."

झालं. माझी आठवडाभराची तयारी पाण्यात. मी खाली बसले. शहा बाजूने खुसखुसला, "वाट लागली ना?" मी म्हटलं, "गप रे." आता सुमतीशिवाय कोणीच उरलं नव्हतं, आणि सुमती खोली सोडायलाच आली होती. एकच गोष्ट माझ्या हातात होती. मी परत उठले.

"माय लॉर्ड, विनंती आहे. माझ्या क्लायंटला ही तडजोड मान्य आहे का, हे तिला बॉक्समध्ये बोलावून, मराठीत, आपण स्वतः विचारावं. ही तीच बाई, एवढी ओळख मी देते, पण तिच्या वतीने हो म्हणणार नाही."

शहाने माझ्याकडे वळून बघितलं. "अगं, स्वतःच्याच क्लायंटविरुद्ध?"

जज म्हणाले, "योग्य आहे. बाईंना येऊ द्या."

सुमती बॉक्समध्ये चढली. बॉक्स म्हणजे साक्षीदाराचा कठडा. क्लार्कने विचारलं, शपथ देवाची घेणार की नुसती प्रतिज्ञा करणार? दोन्हीची सोय आहे, ज्याला जे पटेल ते. ती म्हणाली, देवाची. "ईश्वरसाक्ष शपथ घेते की खरं सांगेन." आवाज बारीक होता, पण प्रत्येक शब्द स्पष्ट.

"सुमतीबाई," जज मराठीत म्हणाले, "या कागदात लिहिलंय की तुम्ही खोलीतला हक्क सोडता. समजलंय?"

"हो साहेब."

"सोडायची तुमची इच्छा आहे?"

"देवीची इच्छा आहे साहेब."

"ते वाचलं मी. मी तुमची विचारतोय."

"देवीने सांगितलं ना साहेब, म्हणून मग..."

"बाई, तुमची श्रद्धा तुमच्याकडे राहू दे. तिला मी हात लावत नाही. पण मी सही करतो ती माणसांच्या मर्जीवर. देवीची मर्जी मला लिहून घेता येत नाही, ती इथे पार्टी नाही. तुम्ही पार्टी आहात. तुम्हाला स्वतःला काय हवंय?"

मी मुद्दाम फाइलमध्ये बघत होते, कारण मान वर केली असती तर तिने माझ्याकडे बघितलं असतं. मागून वसंतरावांचा आवाज आला, "सुमती, देवळात काय बोललंस ता आठव!"

"कोण बोललं?" जज म्हणाले. आवाज तेवढाच, पण शिपाई लगेच वसंतरावांजवळ जाऊन उभा राहिला. "पुन्हा बोललात तर बाहेर जाल. बाई, इकडे बघा. सावकाश सांगा."

तिचे ओठ हलत होते. कठड्याची फळी तिने दोन्ही हातांनी धरली होती. मग ती एकदम मालवणीवर आली, घरात बोलतात तशी.

"साहेब, देवाची शपथ घेतलंय, आता खोटा कसा बोलू? माका खोली होयी. माका खयच जावचा नाय. सासऱ्यांका मी त्याच खोलीत पाजलंय, भरवलंय. घोव त्याच खोलीत गेलो. माका कोणी इचारूकच नाय. गावात नाय, घरात नाय. सगळे सांगतत, मी व्हय म्हणतंय." आणि ती ढसाढसा रडायला लागली.

माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. लाज कसली? शहासुद्धा खाली बघत होता.

जजनी पाणी द्यायला सांगितलं. मग स्टेनोला डिक्टेशन दिलं. चार ओळी होत्या. वादीची स्वतःची संमती दिसत नाही, सबब तडजोड नोंदवता येत नाही, दावा पुढे चालेल, स्टे कायम. देवीचा उल्लेख त्यांनी एका शब्दाने केला नाही, बरा नाही की वाईट नाही. पुढचं मॅटर पुकारलं गेलं.

बाहेर पॅसेजमध्ये वसंतराव तिच्या अंगावर धावून आले नाहीत, हे सांगायला हवं. भिंतीला टेकून उभे होते, चेहरा पडलेला.

"देवीक फसवलंस तू," ते म्हणाले.

"नाय भावोजी. आता देवीक जाऊन मीच सांगतलंय काय ता. ती माझी पण आई आसा. तिच्या पाया पडान, खोली सोडूची नाय."

"आणि काय वायट झाला तर?"

"झाला तर माझ्या डोक्यार."

मी मध्ये पडले नाही. माझा स्वभाव बघता हे विशेषच. शहाने वसंतरावांना चहाला नेलं.

त्यानंतर दावा चालला. चालवायला फार काही नव्हतं. वारस कोण, खोली कोणाच्या नावावर होती, एवढंच. कौल हा शब्द पुन्हा कोणी काढला नाही. शहाला कळलं होतं की निकाल अर्धा-अर्धाच लागणार, आणि वसंतरावांनाही हळूहळू ते उमगलं. शेवटी त्यांच्याकडूनच निरोप आला. सुमतीने गावच्या घरातला आणि जमिनीतला सदानंदचा वाटा सोडावा, ते नाहूरच्या खोलीतला आपला सोडतील.

मी सुमतीला म्हटलं, घाई नको, गावची जागा गेली की परत नाही येणार. ती दोन दिवस विचार करून आली. म्हणाली, "गावाला गेले की मी माहेरी उतरेन. मला रोज उठून जिथे दूध तापवायचंय, ती जागा द्या." तिचा तो निर्णय मला पूर्ण पटला असं नाही. गावचा वाटा किमती होता. पण निर्णय तिचा होता, आणि मी तोंड बंद ठेवलं.

नव्या कन्सेंट टर्म्स सगळ्या इंग्रजीत होत्या, मी तिला ओळ न् ओळ मराठीत समजावल्या. जजसाहेब तेच. त्यांनी विचारलं, "बाई, ही तुमची..." आणि सुमती प्रश्न पुरा व्हायच्या आधीच म्हणाली, "हो साहेब, माझी." जज हसले. बाकीचे कागद रीतसर रजिस्टर झाले. आता रिडेव्हलपमेंटच्या ॲग्रीमेंटवर एकच नाव आहे.

ती अजून जत्रेला जाते. वसंतरावांशी बोलणं सुरू झालंय, थोडंथोडं. यंदा देवीला तिने साडी नेसवली, आणि मला प्रसाद आणून दिला. मी खाल्ला.

आमच्या धंद्यात सेक्युलर शब्दावर तासन्‌तास भाषणं होतात, मीही ठोकली आहेत. त्यापेक्षा मला आता एक साधी सवय लागलीय. तडजोडीच्या कागदावर सही घ्यायच्या आधी मी क्लायंटला एकटं बसवते, दार लावते आणि विचारते, हे कोणाला हवंय? उत्तरात दुसऱ्या कोणाचं नाव आलं तर त्या दिवशी सही होत नाही. मग ते नाव नवऱ्याचं असो, देवाचं असो, नाहीतर माझं.